जिन्यातला कॉम्प्युटर

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्याचा गुडघा कशावर तरी आदळला आणि तो त्याच वस्तूवर हात टेकून जेमतेम सावरला. संध्याकाळ नुकती उतरत होती. जिन्यातला दिवा लागायला अजून अवकाश होता, पण दुसऱ्या कुणाला त्या उजेडात वर्तमानपत्रसुद्धा वाचता आलं असतं. त्याच्या पावलांना मात्र पायऱ्या संपल्या एवढंच कळलं होतं आणि पुढे सपाट जमीन असणार हे त्याने गृहीत धरलं होतं. हाताखाली थंड पत्रा लागला, मग जाळीसारखी भोकं, मग धुळीने चिकट झालेली वायर. मान खाली घालून, नजर इकडून तिकडे फिरवत त्याने ती वस्तू तुकड्यातुकड्याने जुळवली. कुणीतरी जुना कॉम्प्युटर बाहेर काढून ठेवला होता. मॉनिटर, त्यावर उपडा घातलेला कीबोर्ड, शेजारी उभा सीपीयू. आणि ते सगळं वाटेत नव्हतंच मुळी. नीट भिंतीला लावलेलं होतं. लहान मूलसुद्धा न बघता वळसा घालून गेलं असतं. गुडघ्यापेक्षा हे जास्त झोंबलं.

दार उघडलं. "कोण आहे? पडलात की काय?"

सिस्टर होत्या. उभा जन्म इस्पितळात काढून निवृत्त झालेल्या, पण इमारतीतल्या लहानथोरांच्या अजूनही सिस्टरच. त्यांच्यापुढे साधं खोकायचीसुद्धा सोय नव्हती.

"नाही हो," तो घाईघाईने म्हणाला आणि सीपीयूवरचा हात तसाच ठेवला, जणू तो तिथे मुद्दामच ठेवलेला होता. "बघत होतो. टाकताय का हा?"

"टाकतेय म्हणजे काय, मेलाय तो. मुलगा जाताना ठेवून गेला. सकाळी भंगारवाला येणारेय."

"मग मी नेऊ?"

वाक्य तोंडातून निघून गेल्यावर आपण काय बोललो ते त्याला कळलं.

"तुम्हाला येतं यातलं?"

"थोडंफार."

येत काहीच नव्हतं. पण सिस्टरनी त्याच्याकडे, मग त्या डब्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "न्या बापडे. भंगारात जाण्यापेक्षा बरं." त्या दारात उभ्या राहून बघत होत्या, तेव्हा लंगडायचीही चोरी. त्याने आधी सीपीयू उचलला, छातीशी धरला आणि आपल्या मजल्याच्या पायऱ्या पायाने चाचपत चढला. मग मॉनिटरसाठी पुन्हा खाली आला.

बायकोने दार उघडलं. "हे काय?"

"कॉम्प्युटर."

"ते दिसतंय मला. आपल्या घरात काय करतोय?"

"दुरुस्त करणारेय."

तिने त्याच्या पँटच्या गुडघ्यावर उमटलेल्या धुळीच्या ठशाकडे पाहिलं. काहीतरी बोलेल असं त्याला वाटलं. पण ती "हात धू आधी" एवढंच म्हणाली आणि दारातल्या चपला पायाने भिंतीकडे सरकवल्या. न्हाणीघरात जाऊन त्याने कडी लावली आणि टम्म सुजलेल्या गुडघ्याला बाम चोळत बराच वेळ तिथेच बसून राहिला.

तो वजनं तपासायचा. दुकानांतून, कारखान्यांतून, औषधांच्या कंपन्यांतून येणारी पितळी आणि पोलादी वजनं खरी आहेत की झिजली आहेत हे बघणाऱ्या एका लहानशा प्रयोगशाळेत त्याची नोकरी होती. काचेच्या पेटीत नाजूक काटा, हातात चिमटा. वजनाला बोट लावायचं नाही, बोटाचा घामही काट्याला जाणवतो. बोलायचं तर तोंड वळवून, कारण श्वासानेही काटा हलतो. त्या खोलीत त्याला काही कमी पडत नव्हतं. समोरचं अजून लख्ख दिसायचं. काट्यावरची बारीकातली बारीक रेघ तो इतरांच्या आधी वाचायचा. गेलं होतं ते कडेचं. कधी गेलं, कसं गेलं, हे त्यालाही सांगता आलं नसतं. खिडकीचा पडदा कुणी रोज बोटभर ओढत आणावा आणि आत बसलेल्याला वाटावं की बाहेरच अंधारून आलंय, तसं काहीसं. नवे साहेब आले तेव्हा त्यांनी पुढे केलेला हात त्याला दिसलाच नाही. तो हसतमुखाने त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिला आणि साहेबांचा हात हवेतच राहिला. मग कुणीतरी त्याच्या कानावर घातलं की माणूस शिष्ट झालाय असं बोललं जातं. त्याने ते ऐकून घेतलं. शिष्ट म्हटलेलं चालत होतं. रस्त्यात त्याला लहान मुलं आडवी यायची, कुत्री आडवी यायची, दुकानांचे फलक आडवे यायचे. म्हणजे ती आपापल्या जागीच असायची, आडवा जायचा तो.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला एका पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात हनुवटी टेकवून बसवलं होतं. कडेला कुठेही ठिपका चमकला की बटण दाबायचं. बराच वेळ काही चमकेना, तेव्हा वर्गात उत्तर येत नसताना इतरांच्या मागोमाग हात वर करावा तसं त्याने न दिसलेल्या ठिपक्यांनाही बटण दाबलं. "अंदाज लावू नका," बाई म्हणाल्या, "परीक्षा नाहीये ही." मग कागदावरचा काळा पट्टा आणि त्याच्या मधोमध उरलेलं पांढरं वर्तुळ दाखवत त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं. डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे, हळूहळू वाढतो, औषध नाही, पण मधलं पुष्कळ वर्षं टिकू शकतं. मुलं असतील तर त्यांचीही तपासणी करून घ्या. काठी घेऊन चालायला शिकवतात, तेही आत्ताच शिकून घेतलंत तर बरं. शेवटी त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणाला होतं का असं? तो नाही म्हणाला.

होतं. मामाला. आईचा हा धाकटा भाऊ पुस्तकं बांधायचा. सुई, दोरा, खळ, दाबयंत्र, छापून आलेल्या कागदांचे गठ्ठे, आणि त्या सगळ्यात मांडी घालून बसलेला, शीळ वाजवणारा मामा. मग त्याला दिसेनासं व्हायला लागलं, आणि घरातल्या सगळ्यांना त्याची इतकी काळजी वाटायला लागली, की त्याच्या हातातून एकेक गोष्ट सुटत गेली. सुई घेतली, टोचेल म्हणून. कात्री घेतली. पाण्याचा तांब्या घेतला. "राहू दे रे, आम्ही करतो ना." कुणी वाईट नव्हतं. उलट फार प्रेमाने चाललं होतं ते. शेवटी खिडकीशी एक खुर्ची आणि खुर्चीत मामा. ऊन आलं की खुर्ची आत, ऊन गेलं की खुर्ची बाहेर. सुट्टीत आजोळी गेलं की याला दिसायचं, मामाची बोटं मांडीवरच्या चादरीची कड दुमडताहेत, नखाने दाबून घडी पक्की करताहेत, पुन्हा उलगडताहेत. सबंध दुपार. ती बोटं तो विसरला नव्हता. घरी सांगितलं की बायको काळजी करणार, मग दुसऱ्या शहरात शिकत असलेल्या मुलीला सांगावं लागणार, मग दोघी मिळून प्रेमाने सुरू करणार: राहू दे, आम्ही करतो ना. म्हणून त्याने सांगितलं नव्हतं. चष्म्याचा नंबर वाढलाय, म्हणाला होता.

रविवारी सकाळी त्याने गॅलरीतल्या टेबलावर तो कॉम्प्युटर मांडला. खरं म्हणजे आता तो गुपचूप भंगारात देऊन टाकता आला असता. पण सिस्टर रोज जिन्यात भेटायच्या आणि "काय, झाला का जिवंत?" म्हणून विचारायच्या, आणि बायकोने तर त्याच्यासाठी जुनं फडकं आणि एक मऊ ब्रश काढून ठेवला होता. थाप मारली की ती पोसावी लागते, असं मनाशी म्हणत त्याने वायर लावून बटण दाबलं. काही नाही. टिक् नाही की टुक् नाही. मग त्याने मागचे स्क्रू काढले आणि पत्र्याचं झाकण सरकवलं. आत राखाडी लोकर विणून घातल्यासारखी धूळ बसली होती. पंख्याच्या पात्यांवर, वायरींच्या जुडग्यांवर, हिरव्या पाटीवरच्या बारीक बारीक चौकोनांवर. तो ब्रशने ती सोडवायला लागला. आधी घाईने, मग प्रयोगशाळेत बसल्यासारखा, तोंड वळवून श्वास टाकत. हळूहळू खालचं सगळं उघडं होत गेलं, आणि झाकणाएवढ्या त्या जागेकडे पाहता पाहता त्याला एक चमत्कारिक सुख व्हायला लागलं. ते कसलं, हे आधी कळेना. मग कळलं. हे सगळं त्याला दिसत होतं. पूर्ण, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मान न हलवता. इथे बाजूने कुणी येत नव्हतं. जे होतं ते हाताच्या टप्प्यात होतं आणि आपापल्या जागी होतं. जिथे नजर पोचत नव्हती, कप्प्यांच्या मागे, पंख्याच्या खाली, तिथे बोटं जात होती; आणि बोटांना कळत होतं की या वायरीच्या तोंडाला एका बाजूला खाच आहे, ती एकाच तऱ्हेने बसते, दुसऱ्या तऱ्हेने बसवायला गेलं तर बसत नाही. डोळे मिटून त्याने ती काढली आणि पुन्हा बसवली. खट्. पुन्हा काढली. खट्. आपली बोटं इतकी हुशार आहेत हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

"पेशंट कसाय?" जाता जाता बायकोने विचारलं.

"शुद्धीवर नाही अजून."

"नातेवाइकांना कळवायचं का?"

"थांब, एवढ्यात नको," तो म्हणाला आणि दोघंही हसली. किती दिवसांनी, हे दोघांनाही जाणवलं असावं, कारण लगेच ती आत निघून गेली आणि त्याने उगाच ब्रश झटकला.

पुढचा सगळा आठवडा मधल्या सुट्टीत तो फोनवर वाचत बसला. जगात ठिकठिकाणी माणसं आपल्या मेलेल्या कॉम्प्युटरांविषयी एकमेकांना विचारत होती आणि ओळखदेख नसलेली दुसरी माणसं त्यांना धीर देत होती. बटण दाबून पंखासुद्धा फिरत नसेल तर आधी वीज पुरवणारा डबा बघा, बहुतेक तोच गेलेला असतो, बाकी काही बिघडलेलं नसतं. बाकी काही बिघडलेलं नसतं, हे वाक्य त्याला फार आवडलं. शनिवारी अर्धा दिवस होता. गेलेला डबा पिशवीत घालून, डोक्यावर लख्ख ऊन असताना, तो जुन्या मालाच्या गल्लीत गेला.

गल्ली अरुंद होती. दोन्ही बाजूंनी टीव्हीचे सांगाडे, पंखे, वायरींची वेटोळी रस्त्यावर आलेली. तो मधोमध चालत होता, पुढच्या माणसाच्या पाठीवर नजर ठेवून. कुणीतरी दाखवलं ते दुकान तळघरात होतं. पायऱ्या उतरून उन्हातून आत पाऊल टाकलं आणि सगळं विझलं. दुसऱ्यांना अशा वेळी क्षणभर अंधारी येते आणि जाते. त्याची जातच नसे. तिथेच थांबायला हवं होतं. पण मागून कुणीतरी "चला चला" म्हणालं आणि तो पुढे सरकला. कोपर कशाला तरी लागलं, आणि एकावर एक रचलेले कीबोर्ड धडाधड खाली आले. फरशीवर किती वेळ तरी काहीतरी घरंगळत राहिलं.

"ओ साहेब!" काळोखातून आवाज आला. "दिसत नाही का?"

हे वाक्य त्याला नवं नव्हतं. रस्त्यात, बसस्टॉपवर, पोस्टाच्या रांगेत लोक ते त्याला म्हणत आले होते. त्यावर सॉरी म्हणायचं आणि पुढे व्हायचं ही त्याची रीत. पण आज पुढे कुठे व्हायचं हेच दिसत नव्हतं. पायांखाली काय आहे ते माहीत नव्हतं. पिशवी छातीशी धरून तो उभा राहिला, आणि त्याच्या तोंडून निघालं, "नाही. कडेचं दिसत नाही मला. आणि अंधारात तर काहीच नाही."

आता काय होईल, याची तो वाट बघत राहिला. मामाच्या खुर्चीसारखं काहीतरी.

"मग वरूनच हाक मारायची ना," दुकानदार वैतागून म्हणाला. "मी आलो असतो वर. थांबा तिथेच, हलू नका. माझे अजून पाडाल." खटका पडला आणि पांढरा दिवा लागला. "आता सरळ या. अजून. अजून. बास. उजव्या हाताला खुर्ची आहे, हात लावा, लागली? बसा. काय हवंय?"

एवढंच. वर आभाळ कोसळलं नाही. कुणी चुकचुकलं नाही. दुकानदार कीबोर्ड गोळा करता करता त्याच्याशी पॉवर सप्लायबद्दल बोलत राहिला, पिशवीतला जुना डबा नाकाशी धरून "जळलाय हा, वास घ्या" म्हणाला, फळीवरून दुसरा काढला, त्याच्या तोंडातल्या दोन भोकांना तारेचा तुकडा जोडला. "पंखा ऐका," तो म्हणाला. पंखा घुमत होता. मग वरपर्यंत सोडायला तो आला नाही. पायऱ्या किती उंच आहेत आणि कठडा कुठल्या हाताला आहे ते मात्र खालूनच ओरडून सांगितलं. "पुढच्या वेळी हाक मारा! दिवा लावतो."

परतताना तो ते वाक्य तोंडातल्या तोंडात घोळवत होता. कडेचं दिसत नाही मला. कडेचं दिसत नाही. इतकी वर्षं ते त्याने असं दाबून धरलं होतं, की बाहेर पडलं तर घर पडेल. आणि बाहेर पडल्यावर पडले ते कीबोर्ड. त्याला रस्त्यातच हसू आलं. समोरून येणाऱ्या बाईने चमकून त्याच्याकडे पाहिलं. त्याला ती दिसली, कारण ती अगदी समोर होती.

रविवारी सकाळी त्याने नवा डबा जागेवर बसवला, एकेक तोंड चाचपून जोडलं. बटण दाबलं आणि आतला पंखा खरोखरच फिरायला लागला. दिवा लागला. पण मॉनिटर काळाच राहिला आणि सीपीयूमधून लांबलचक बीप यायला लागली, थांबून थांबून, कुणी विव्हळावं तशी. तो आवाज त्याने वाचलेला होता. म्हणजे मेमरीची पट्टी नीट बसलेली नाही, नाहीतर तिच्यावर मळ चढलाय. काढायची, सोनेरी दात खोडरबराने हलक्या हाताने पुसायचे, पुन्हा बसवायची. वीज बंद करून तो पट्टीपर्यंत पोचण्यासाठी मधली पत्र्याची आडवी चौकट सोडवत होता, तेवढ्यात चिमट्यातून स्क्रू निसटला. टिण् करून फरशीवर पडला आणि कुठेतरी गेला.

तो गुडघ्यांवर बसला आणि हाताने फरशी झाडायला लागला. नजर फिरवायची, हात फिरवायचा, पुन्हा नजर. तळहातभर फरशी, मग शेजारची तळहातभर. बराच वेळ गेला. मग त्याला जाणवलं की दारात बायको उभी आहे.

"डावीकडे," ती म्हणाली.

त्याने हात डावीकडे नेला.

"अजून. टेबलाच्या पायापाशी. थोडा पुढे. हां, तिथे."

बोटांना स्क्रू लागला. मुठीत धरून तो तसाच खाली बसून राहिला. दुकानात ते वाक्य कसं पटकन निघून गेलं होतं. इथे ते निघेना. काल आपण जे एका अनोळखी माणसाला सांगितलं ते हिला सांगायला इतकं जड का जावं, असं त्याला वाटलं, आणि तेवढ्यात ते निघालंच. "मला कडेचं दिसत नाही."

"हो," बायको म्हणाली.

"हो म्हणजे?"

"हो म्हणजे माहितीय मला." ती आत आली आणि त्याच्यासमोर फरशीवर बसली. "पॅसेजमध्ये एक स्टूल असायचं आपलं. ते कुठे गेलं, असं कधी विचारलंस?"

त्याने आठवून पाहिलं. स्टूल होतं खरं. एके काळी रोज अडखळायचा तो त्याच्यावर. मग अडखळेनासा झाला. दारंही हल्ली एकतर सताड उघडी असायची नाहीतर बंद, अर्धवट कधीच नाही. काळा चहा पांढऱ्या कपात यायचा, दूध निळ्यात. आणि आपल्याला वाटत होतं की निदान घर तरी आपल्याला पाठ झालंय.

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलला नाहीस म्हणून." तिचा आवाज चिरकला. तिने तो सावरायचा प्रयत्नही केला नाही. "रोज वाटायचं, आज बोलेल. कपाटं हलवून झाली, कप बदलून झाले, आता आणखी काय करू? त्या दिवशी गुडघा फोडून आलास आणि कडी लावून बसलास ना, तेव्हा बाहेर उभं राहून मला रडायला आलं. इतकी परकी आहे का मी?"

"तसं नाही गं."

"मग कसं?"

"मामा," तो म्हणाला. "तू नाही पाहिलंस त्याला. सगळे त्याचं सगळं करायचे. मला तसं खुर्चीत बसायचं नव्हतं."

"आणि मी बसवलं असतं तुला खुर्चीत?" आता ती खरंच चिडली होती. "स्क्रू मी उचलून दिला का?"

त्याने मूठ उघडून स्क्रूकडे पाहिलं. तळहाताच्या मधोमध तो लख्ख दिसत होता. ती म्हणाली होती ते खरं होतं. तिने नुसतं डावीकडे म्हटलं होतं. बायकोने डोळे पुसले, नाक ओढलं आणि उठता उठता म्हणाली, "ऊठ आता. ते विव्हळणारं काय आहे ते बघ. शेजारी येतील विचारायला."

मुलीच्या जुन्या कंपासपेटीतून तिने खोडरबर शोधून आणलं. त्याने पट्टी काढली, सोनेरी दात एकेक करून पुसले, उजेडात धरून पाहिले, पुन्हा पुसले. ती शेजारी खुर्ची ओढून बसली होती, हात मांडीवर, आणि एकदाही "दे इकडे" म्हणाली नाही; म्हणावंसं वाटत होतं, हे तिच्या चुळबुळीवरून त्याला कळत होतं. पट्टी खाचेत बसली. दोन्ही बाजूंचे चिमटे आपोआप मिटले. "तू दाब," तो म्हणाला. तिने बटण दाबलं. पंखा फिरला. एक छोटीशी बीप आली, विव्हळण्यासारखी नव्हे, कुणी हाकेला ओ द्यावी तशी. आणि मॉनिटरच्या काळ्या काचेवर पांढरी अक्षरं उमटत गेली.

कॉम्प्युटरला तारीख वार काही आठवत नव्हतं. तेवढंच विचारून तो थांबला होता. बायकोने भिंतीवरच्या कॅलेंडरात बघून सांगितलं, त्याने टाइप केलं. मग किती तरी वेळ आत खरखर होत राहिली, दोघं श्वास रोखून बसली, आणि एकाएकी पडदाभर निळं आभाळ आणि हिरवी टेकडी उघडली.

"अगं बाई!" बायको म्हणाली.

तो गॅलरीच्या कठड्यावरून ओरडला, "सिस्टर! झाला हो जिवंत!" सिस्टर धापा टाकत वर आल्या, कमरेवर हात ठेवून पडद्याकडे बघत राहिल्या. "इतकी वर्षं इस्पितळात काढली," त्या म्हणाल्या, "पण मेलेला उठून बसलेला नव्हता बाई पाहिला." परत न्या म्हटलं तर त्यांनी साफ नाकारलं. तुम्ही वाचवलात, तुम्हीच सांभाळा. त्या गेल्यावर बायकोने त्या हळूबाई यंत्रावर चित्रं काढायची जागा शोधून काढली आणि माउस धरून एक मांजर काढलं, ते गाढवासारखं झालं. ते पुसून दुसरं काढत असतानाच फोन वाजला. रविवारी दुपारी मुलीचा फोन यायचाच.

एरवी आधी बायको बोलायची. आज तिने फोन उचलला, त्याच्या हातात ठेवला आणि समोर बसली. मुलीने जेवलास का विचारलं. त्याने कॉम्प्युटरची सगळी हकिगत सांगितली, दुकानदाराचं बोलणंसुद्धा, आणि ती हसत असताना, त्याच बोलण्याच्या ओघात, कीबोर्ड का पडले तेही सांगितलं. काय आजार आहे ते सांगितलं. मामाआजोबांना होता ते सांगितलं. "तुझेही डोळे एकदा दाखवायचेत. घाबरण्यासारखं नाही, पण दाखवायचे."

वसतिगृहाच्या आवारात कुणीतरी कुणाला हाका मारत होतं, तेवढं ऐकू येत होतं.

"बाबा."

"हं."

"म्हणून आला नव्हतास का माझ्या नाटकाला?"

त्याने डोळे मिटले. तिचं कॉलेजातलं पहिलं नाटक होतं, मोठं काम मिळालं होतं. तो ऑफिसात तपासणी आहे म्हणाला होता आणि बायकोला एकटीला गाडीत बसवून दिलं होतं.

"हो," तो म्हणाला. "रात्रीचा प्रयोग होता. अनोळखी जागा. थिएटरात दिवे गेले की मला..."

"मला वाटलं, मी नाटकात काम करते ते तुला आवडत नाही." ती भरभर बोलत होती. "म्हणून मी नंतर सांगायचंच सोडून दिलं. आम्ही आणखी दोन नाटकं केली बाबा. तुला माहीतपण नाहीये."

ही गोष्ट त्याच्या हिशेबात कधीच आली नव्हती. न बोलण्याने आपण आपलं काहीतरी वाचवतोय एवढंच त्याला ठाऊक होतं; ते कुणाच्या ताटातलं जातंय हे पाहिलंच नव्हतं. "आवडलं असतं," तो म्हणाला. "फार आवडलं असतं गं मला."

"मग पुढच्या महिन्यात ये. परत करतोय आम्ही, आणि दुपारी आहे. मी दारातच उभी राहीन, आत नेऊन बसवीन तुला. पहिल्या रांगेतली खुर्ची ठेवते. अगदी मधली."

तो विचार करायला लागला. प्रयोगशाळेत एखादं वजन काट्यावर ठेवावं तसा, नीट, सावकाश. पहिल्या रांगेतून त्याला एका वेळी एकच चेहरा दिसला असता. ती डावीकडे गेली की नजर तिच्या मागे धावणार, तोवर उजवीकडे कोण काय करून गेलं ते कळणार नाही. पण मागे, खूप मागे बसलं तर सगळं लहान होईल. माणसं, दारं, खुर्च्या, स्टेजचे दोन्ही कोपरे. एवढंसं होऊन ते त्याच्याजवळ उरलेल्या वर्तुळात बसेल.

"पहिली नको," तो म्हणाला. "शेवटची दे. अगदी शेवटची. लांबून सगळं स्टेज मावतं माझ्या डोळ्यांत."

"शेवटची?" ती हसली, रडतच. "मग मला केवढ्या मोठ्याने बोलावं लागेल!"

समोर बसलेल्या बायकोने दोन बोटं वर केली. कडेला नाही, बरोबर त्याच्या नाकासमोर, त्याला दिसतील अशी.

"आणि दोन खुर्च्या ठेव," तो म्हणाला.